कान मोडलेल्या कॅसेटी

उस्मान मिस्त्री वारला तो बाजाराचा दिवस होता. दुपारी तो दुकानातल्या खुर्चीवर बसला, चहा मागवला, आणि चहा आला तेव्हा तो गेलेला होता. संध्याकाळी दफन झालं. पुढच्या आठवड्यात पोस्टात त्याच्या नावाचं पाकीट आलं. पोलंडहून.

मी तोवर निवृत्त झालो होतो. तीर्थपुरीच्या पोस्टात मी बरीच वर्षं उपडाकपाल होतो. गावात सगळे मला मास्तर म्हणत. शाळेचे मास्तर वेगळे आणि पोस्टाचे वेगळे हे माहीत असूनही म्हणत. ते पाकीट घेऊन पोस्टमन सोनवणे माझ्या घरी आला. माझ्याबरोबर काम करता करता त्याचेही केस पांढरे झाले होते.

"सर, ह्याच्यावर काय लिहू?"

बाहेरच्या माणसांसाठी सांगतो. टपाल देता आलं नाही, तर ते का देता आलं नाही हे पाकिटावर लिहून परत पाठवायचं असतं. त्यासाठी ठरलेले शेरे असतात. घर बंद. पत्ता सोडून गेले. घेण्यास नकार. मयत. यापलीकडे पोस्टाला माणसाबद्दल काही म्हणायचं नसतं. चौथा शेरा मी नोकरीत पुष्कळदा लिहिला होता. सोनवणेलाही तो माहीत होता.

"मयत लिही," मी म्हणालो.

"तुमीच लिव्हा सर. माझं अक्षर खराब हाय."

त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी लिहिलं. मराठीत लिहिलं, खाली इंग्रजीत लिहिलं, आणि पाकीट परत गेलं. नियमाप्रमाणे काम संपलं, असं मला वाटलं.

हे पोलंड कुठून आलं ते आधी सांगायला हवं.

उस्मानचं दुकान बाजारपेठेत होतं. लग्नाला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, हा धंदा. टेपरेकॉर्डर लोकांनी टाकून दिले तरी त्यानं ते दुरुस्त करणं सोडलं नाही. जुन्या यंत्रात एक रबरी चाक असतं, ते टेपेला ओढून धरतं. चाक झिजलं की गाणारा माणूस दारू प्यायल्यासारखा गातो. असं चाक जालन्यात मिळेना, औरंगाबादेत मिळेना. शेवटी कुठल्याशा जुन्या मासिकात त्याला पोलंडमधल्या एका माणसाचा पत्ता सापडला. हा माणूस सुटे भाग विकायचा. त्याचं नाव यानेक. इंग्रजी पत्र मी लिहून दिलं.

चाकं आली. सोबत एक कॅसेट आली, न मागवलेली. उस्माननं ती लावली. अर्धा तास नुसतं घरघर, किर्रर्र, मध्येच पत्रा ओढल्यासारखं काहीतरी. त्यानं ती मला ऐकवली.

"मास्तर, कोन्या गिऱ्हाइकाची कॅसेट चुकून आली. पार खराब हाय. बिचाऱ्याला दुरुस्त करून पाठवू."

आणि त्यानं खरोखर दुरुस्त केली. दोन दिवस बसून घरघर काढली, किर्र कमी केलं, पत्र्याचा आवाज गाळला. शेवटी जवळजवळ काहीच उरलं नाही. जे उरलं त्याच्या शेवटी त्यानं आपला आवाज टाकला. "हॅलो. माइक टेस्टिंग. वन, टू, थ्री. आता बराबर हाय." आणि परत पाठवून दिली, दुरुस्तीचे पैसे न घेता.

यानेकचं उत्तर आलं तेव्हा ते मी तीनदा वाचलं. ती घरघर हे त्याचं संगीत होतं. ते त्यानं घरी बनवलं होतं. जगात असे अनेक लोक आहेत, ते असं संगीत घरी बनवतात, कॅसेटवर टेप करतात आणि पोस्टानं एकमेकांना पाठवतात. दुकानात विकत नाहीत. फोन करत नाहीत, कंप्युटरवरून पाठवत नाहीत. जे काय ते टपालानं, हा त्यांचा नियम. आलेल्या कॅसेटवर आपण काही करायचं आणि पुढे पाठवायचं. आणि उस्माननं जे केलं होतं तसं आजवर कोणीही केलं नव्हतं. सगळे जण आवाज वाढवत होते. यानं पुसला होता.

मी हे सगळं उस्मानला समजावून सांगितलं. त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"म्हंजी ती खराब नव्हतीच?"

"नाही."

"आन मी खराब केली?"

"तसंही नाही. त्यांना आवडली."

"मास्तर, माझ्या लग्नात स्पीकर लावला तवा कोनी चांगलं म्हनलं न्हाई. हे लोक कोन हायेत?"

त्या लोकांना तो कधी भेटला नाही. पण मग थांबलाही नाही.

त्यानं काय काय टेप केलं ते सांगितलं तर या अंकाचे संपादक मला वेड्यात काढतील. मिक्सरमधले हरभरे. पत्र्यावर पडणारी बोरं. रिकाम्या टँकरमध्ये उतरलेली शेळी, आणि तिला बाहेर काढणाऱ्यांची भांडणं. लग्नाच्या माइकची शिट्टी, जी इतके दिवस तो बंद करायला धावायचा, ती आता पोरीला निजवावं तशी हळूहळू चढवायचा. लाइट कमी झाली की टेप हळू फिरते आणि बाईचा आवाज बुवाचा होतो. त्यावर त्यानं कॅसेटी भरल्या. या कॅसेटवाल्यांपैकी जपानच्या मिचिकोबाईंनी विचारलं, हा परिणाम आपण कोणत्या यंत्रानं साधता?

"लिव्हा, गव्हर्नमेंटच्या."

मी तसं लिहिलं. पुढच्या कॅसेटच्या पुठ्ठ्यावर बाईंनी छापलं: कलावंत, उस्मान आणि गव्हर्नमेंट. काही वर्षांनी गावातली लाइट सुधारली. गावाला आनंद झाला. उस्मान माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "लाइट सुधरली, मास्तर. माझा पार्टनर गेला."

या सगळ्यात पोस्टाचं काम माझं. परदेशी पाकिटावर आत काय आहे आणि त्याची किंमत काय, हे लिहावं लागतं. खिडकीवर आमचं बोलणं असं चालायचं.

"आत काय?"

"जुनी कॅसेट."

"कॅसेटवर काय?"

"बोरं पडल्याचा आवाज."

"किंमत?"

"बोरांची का आवाजाची?"

मागे मनीऑर्डरसाठी थांबलेली माणसं वैतागायची. मी जुन्या कॅसेटची किंमत लिहायचो. आवाजाचा रकाना आमच्याकडे नव्हता.

एकदा त्यानं मला न सांगता माझा शिक्का टेप केला. तारखेचा शिक्का मारताना आधी शाईच्या गादीवर मारायचा, मग पाकिटावर. ठप, ठाप. सवय झालेला हात तालात पडतो, त्यात कौतुक काही नाही. पण मिचिकोबाईंचं पत्र आलं, शिक्केवाले गृहस्थ पुन्हा ऐकायला मिळतील का? मी ते पत्र घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाजी आणा म्हणलं तं ऐकू येत न्हाई, आन जपानला ऐकवून राह्यले." तरी त्या महिन्यात मी शिक्के जरा नीट मारले, हे खरं.

एका लग्नात घोटाळा झाला. वरात निघाली आणि उस्मानच्या हाताला चुकीची कॅसेट लागली. गाण्याऐवजी यानेकची घरघर सुरू झाली. नवरदेवाचे मामा धावत आले.

"मिस्त्री, स्पीकर फाटला!"

"फाटला न्हाई मामा. पोलंडहून आलाय."

मामांना हे उत्तर पटलं असावं, कारण ते परत जाऊन सगळ्यांना सांगू लागले की पोलंडचा स्पीकर आहे. त्यावर चार माणसं नाचली. कशावर नाचली ते देव जाणे.

दुसरा प्रसंग बेल्जियमच्या लुकचा. या लुकनं एक जड पार्सल पाठवलं. उघडलं तर सिमेंटचा ठोकळा, आणि त्यात कॅसेट पुरलेली; फक्त एक कोपरा बाहेर. ही बातमी बाजारात पोहोचेपर्यंत तिचा बॉम्ब झाला. जमादार आले. दुकानासमोर माणसं जमली, आणि बॉम्ब असेल तर जवळून दिसावा म्हणून पुढे सरकली. उस्माननं ठोकळ्यावर पेचकसानं टकटक केलं आणि कान लावला.

जमादारांनी विचारलं, "काय ऐकू येतं?"

"काही न्हाई साहेब. सिमेंट चांगलं हाय."

सोबतची चिठ्ठी मी वाचली. ही कॅसेट ऐकण्यासाठी नाही, असं लिहिलं होतं.

"मंग पाठवली कशाला?" जमादार म्हणाले.

"तेच तर साहेब," उस्मान म्हणाला. "ह्याला उत्तर काय द्यावं ते सुचून न्हाई राह्यलं."

सुचलं ते असं की त्यानं एक कॅसेट गुळाच्या ढेपेत बसवून आणली. मी ती घेतली नाही. नाशवंत वस्तू पाकिटात चालत नाही. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी ढेप मुंग्यांनी संपवली आणि कॅसेट परत मिळाली. मग आला आणि म्हणाला, "मुंग्यांचा आवाज टेप होत न्हाई मास्तर. लई बारीक." सिमेंटचा ठोकळा त्याच्या बायकोनं, रजिया भाभींनी, उचलून नेला. लोणचं घातलं की वर वजन लागतं.

आता कानाबद्दल. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकचे तुकडे असतात. उस्मान त्यांना कान म्हणायचा. कान आहेत तोवर कॅसेटवर पुन्हा टेप करता येतं. कान मोडले की यंत्राचं टेप करायचं बटण दाबलंच जात नाही. या लोकांच्या देवघेवीत कान कधी मोडायचे नसतात. कॅसेट आली की त्यावर आपण काही करणार, मग पुढचा करणार. कान मोडून पाठवणं म्हणजे पंगतीत ताट वाढून वर झाकण ठेवण्यासारखं.

गावातल्या कॅसेटींचं मात्र वेगळं होतं. कोणी आपल्या गेलेल्या माणसाचा आवाज घेऊन यायचं. एकदा धावड्याकडचा एक शेतकरी आला. त्याच्याकडे वडिलांचा आवाज होता, बैलांना शिव्या देतानाचा. बाकी कुठलाच नव्हता. उस्माननं टेप साफ केली, नव्या डब्यात बसवली आणि पेचकसानं दोन्ही कान मोडले. "आता ह्यांच्यावर कोनी बोलनार न्हाई," तो म्हणाला. अशा कामाचे तो पैसे घेत नसे.

पाकीट 'मयत' होऊन पोलंडला गेलं, तिथे मी थांबलो होतो. उस्मानचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर यानेकचं मोठं पाकीट आलं. आत एक कॅसेट. तिच्या पुठ्ठ्यावर माझा शेरा मोठा करून छापलेला होता, मराठीसकट, माझ्या अक्षरात. कॅसेटचं नावच 'मयत'. सोबत लिहिलं होतं की न उघडलेलं पाकीट आपण असा शेरा मारून परत पाठवलंत, ही कल्पना थोर आहे.

ते घेऊन मी भाभींकडे गेलो. त्या गहू निवडत होत्या. मी सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं.

"मास्टरसाब, गाँव कू मालूम है. जालने कू मालूम है. इन लोगां कू मालूमच नै. उनके वास्ते तो वो अब्बी जिंदा है, दुकान में बैठ के कुच तो बी बजा रा." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मेरे घर का आदमी गया. जिनसे इत्ते साल का लेना-देना, उनकू मालूम होना. रोना नै रोना उनकी मर्जी."

मी शब्द दिला.

पहिलं मी पत्र लिहिलं. माझं इंग्रजी सरकारी आहे. 'नम्रपणे कळवू इच्छितो की पत्त्यावरील इसम दिवंगत झालेले आहेत, तरी यापुढे टपाल पाठवू नये, ही विनंती,' अशा थाटाचं पत्र मी सगळ्यांना टाकलं. दीड-दोन महिन्यांनी मिचिकोबाईंची कॅसेट आली. तिच्यावर एक गृहस्थ माझं पत्र गात होते. बहुधा बादलीत तोंड घालून. 'नम्रपणे' ते फार लांबवत होते. चिठ्ठीत लिहिलं होतं: फार हेलावून गेलो. कृपया उस्मानना सांगा.

ते शेवटचं वाक्य वाचून मी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसलो.

"अंग्रेजी में मरना सच्चा नै लगता," भाभी म्हणाल्या. "अपनी जबान में बोलो. मुँह से."

मी त्याच्या दुकानात बसलो. टेप करायची दोन बटणं एकदम दाबायची असतात, ते माहीत होतं. मी माझं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "आमचा उस्मान मिस्त्री वारला." त्यापुढे बोलायचं ठरवलं होतं, पण बोलता आलं नाही. बटण बंद करायचंही सुचलं नाही. बाकीच्या टेपेवर नुसतं दुकान आहे आणि बाहेरून जाणारा एक ट्रॅक्टर. त्या टेपेच्या नकला काढून मी सगळ्यांना पाठवल्या.

सगळ्यांची उत्तरं आली. यानेकनं माझा आवाज इतका हळू केला होता की 'वारला' म्हणायला मला बराच वेळ लागत होता. मिचिकोबाईंनी ट्रॅक्टर तेवढा ठेवला होता. बेल्जियमच्या लुकनं कपडे धुण्याच्या यंत्राच्या तालावर माझं 'वारला, वारला, वारला' अखंड अर्धा तास लावलं होतं. मी आयुष्यात भजनातही गायलो नाही. भाभींनी ते सगळं, पदर डोक्यावर घेऊन, शेवटपर्यंत ऐकलं.

"अच्छा बनाए," त्या म्हणाल्या. "मगर समझे नै."

मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं. कॅसेटवर जे येईल ते वाढवून पुढे द्यायचं, हाच त्यांचा धर्म. उस्माननंही आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांची कॅसेट खराब समजून त्यानं दुरुस्त केली होती, आणि त्याचं मरण संगीत समजून ते वाढवत होते. पण माझा मित्र गेला होता आणि ते सांगायला मला एक ओळ पुरत होती, आणि ती ओळ कोणी ओळ म्हणून घेत नव्हतं.

भाभी उठल्या आणि दुकानातलं यंत्र घेऊन आल्या. बाजाराच्या दिवशी उस्मान सकाळपासून दारात माइक ठेवायचा आणि एक कॅसेट भरली की दुसरी घालायचा. त्या दिवशीही ठेवला होता. कॅसेट आतच राहिली होती. कोणी ऐकली नव्हती. आम्ही ऐकली.

बाजार आहे. वांगी विकणाऱ्याची आरोळी आहे. रेडिओ घेऊन आलेल्या कोणाला तरी उस्मान सांगतो, "सेल उलटे टाकले बाबा, रेडिओला काही झालं न्हाई." माणूस हसतो, जातो. खुर्ची करकरते. मग उस्मान चहावाल्याला म्हणतो, "एक कट दे. साखर कमी." त्यानंतर तो बोलत नाही. बाजार चालू राहतो. मेंढ्या जातात. चहा येण्याआधीच टेप संपते आणि यंत्र आपोआप बंद होतं, त्याचा खट आवाज.

भाभींनी पुन्हा लावायला सांगितलं नाही. त्यांनी उस्मानचा पेचकस माझ्या हातात दिला.

"ये भेजो. कान तोड़ के."

मूळ कॅसेट मी पाठवली नाही. नकला काढल्या, आणि प्रत्येकीचे दोन्ही कान मोडले. पहिल्यांदा पेचकस घसरला आणि बोटाला लागलं. पत्र लिहिलं नाही. पाकिटावर वर्णनात 'जुनी कॅसेट' लिहिलं. किमतीचा रकाना सोनवणेनं भरला. मला विचारलं नाही.

पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास यानेकचं पाकीट आलं. त्यात चिठ्ठी नव्हती. या लोकांची चिठ्ठी नाही असं कधी झालं नव्हतं. आत एक कॅसेट होती, पिवळी पडलेली. लावली. आधी जवळजवळ काहीच नाही. मग उस्मानचा आवाज. "हॅलो. माइक टेस्टिंग. वन, टू, थ्री. आता बराबर हाय." ती पहिली, दुरुस्त केलेली कॅसेट. त्यांचाच नियम मोडून यानेकनं तिच्यावर इतकी वर्षं काही टेप केलं नव्हतं. मी ती उलटी करून पाहिली. कान मोडलेले होते, आणि मोडल्याची कड नवी होती.

मग मिचिकोबाईंची पेटी आली. त्यांच्याकडे उरलेल्या उस्मानच्या सगळ्या कॅसेटी. बोरं, शेळी, हरभरे, माझा शिक्का. सगळ्यांचे कान मोडलेले.

लुकचंही पाकीट आलं. आम्ही पाठवलेलीच कॅसेट होती. मोडलेल्या कानांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा टेप करता येतं. त्यानं चिकटपट्टी लावली होती. बाजाराच्या वर कपडे धुण्याचं यंत्र फिरत होतं. भाभी हसल्या. उस्मान गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. "ये नै सुधरने का," त्या म्हणाल्या.

दुकान आता बंद आहे. कॅसेटी भाभींच्या कपाटात आहेत, पेचकस माझ्याकडे आहे, सिमेंटचा ठोकळा लोणच्याच्या बरणीवर आहे. बेल्जियमहून अजून पाकिटं येतात आणि सोनवणे ती मला आणून देतो. बाकीच्यांना कळलं आहे.